हँडल, सेल्फ आणि स्टार्ट-स्टॉप: मोटारीच्या बॅटरीची बदलत गेलेली चाकरी

मोटारीतली शिसे-आम्ल बॅटरी खुद्द मोटारीहून पाव शतकाने जुनी आहे. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे एकमेकांना लागू न देता एकत्र गुंडाळले आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारा पहिला विद्युतघट तो हाच. कार्ल बेंझची तीनचाकी गाडी रस्त्यावर यायला त्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षे लागली. प्लाँतेच्या घटात एक अडचण होती. पत्र्यांवर कामाचा थर तयार होण्यासाठी तो अनेकदा भरावा आणि रिकामा करावा लागे, आणि भरायला त्या काळी दुसऱ्या रासायनिक घटांखेरीज सोयीचे साधन नव्हते. कामीय फोर याने १८८१ साली पत्र्यावर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा, लेप देऊन हा वेळ वाचवला. लेप गळून पडू नये म्हणून लवकरच सपाट पत्र्याच्या जागी शिशाची जाळी आली. शिसे मऊ असते, म्हणून जाळीला ताठपणा यावा यासाठी त्यात अँटिमनी मिसळू लागले. शिशाची जाळी, तिच्यात भरलेला लेप आणि भोवती आम्ल ही रचना आजच्या बॅटरीतही तशीच आहे. पुढच्या एकशे चाळीस वर्षांतले बहुतेक बदल जाळीच्या मिश्रधातूत, दोन प्लेटांमधल्या पडद्यात आणि बॅटरीकडून मागितलेल्या कामात झाले.

सुरुवातीला ते काम गाडी ओढण्याचे होते. मोटारींत ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाच्या विजेवरच्या गाडीने, आणि तिच्यात शिशाच्याच बॅटऱ्या होत्या. पेट्रोलच्या गाडीला पल्ला मोठा असला तरी ती सुरू करणे हा अंगमेहनतीचा आणि धोक्याचा उद्योग होता. पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इग्निशनची वेळ जरा पुढे असली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगट किंवा जबडा मोडी. अमेरिकेतील मोटार-उत्पादक बायरन कार्टर १९०८ मध्ये वारला, तो अशाच हँडलच्या मारातून उद्भवलेल्या दुखण्याने, असे सांगितले जाते. त्याचा मित्र आणि कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याने त्या धक्क्याने हँडल हद्दपार करायचे ठरवले, ही कथा मोटारींच्या इतिहासात बऱ्याच ठिकाणी येते. तपशिलांबद्दल मतभेद असले तरी पुढे झालेले काम नोंदलेले आहे.

ते काम चार्ल्स केटरिंगने केले. केटरिंगने डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना गल्ल्याच्या यंत्राचा खण विजेने उघडणारी छोटी मोटर बनवली होती. मोटर सतत चालवायची नसेल, तर तिच्यावर थोडा वेळ क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, हे त्याने तेथे ओळखले होते. इंजिन फिरवण्यासाठीही तेवढाच थोडा वेळ पुरतो. त्याआधीच्या अभियंत्यांनी सतत चालणाऱ्या मोटरचे गणित मांडले होते, आणि त्यातून निघणारी मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी ठरत होती. केटरिंगच्या डेल्को कंपनीचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये बसला. तीच मोटर इंजिन चालू झाल्यावर डायनॅमो होऊन बॅटरी भरत असे. इंजिन फिरवताना यंत्रणा २४ व्होल्टवर आणि बॅटरी भरताना ६ व्होल्टवर काम करी. स्टार्टर आणि डायनॅमो एकाच यंत्रात बसवण्याची ही कल्पना पुढे मागे पडली आणि नव्वदएक वर्षांनी पट्ट्यावरचा स्टार्टर-जनरेटर म्हणून परत आली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये मिळाला आणि त्यानंतर हँडलचा काळ संपत गेला. आपल्याकडे मात्र अँबॅसेडरसारख्या गाड्यांबरोबर हँडल पुढे कित्येक वर्षे मिळत राहिले, आणि स्टार्टरला ‘सेल्फ’ हे नाव चिकटले ते आजतागायत.

सेल्फने बॅटरीच्या कामाचे जे स्वरूप ठरवले, ते जवळपास शंभर वर्षे टिकले. इंजिन फिरवताना दीड-दोनशे अँपिअर प्रवाह लागतो, पण तो सेकंदभरच. पंचेचाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीतून एका वेळी त्यासाठी जाणारी वीज एकूण साठ्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. ती काही मिनिटांत भरून निघते, आणि मग दिवसभर दिवे, हॉर्न, रेडिओ हे सारे डायनॅमोवर चालते. बॅटरी बहुतेक वेळ पूर्ण भरलेली आणि नुसती बसलेली असते. शिशाच्या बॅटरीला हेच मानवते. ती अर्धवट भरलेली राहिली, की प्लेटांवरचे शिशाचे सल्फेट बारीक कणांऐवजी मोठ्या स्फटिकांत घट्ट होत जाते आणि पुन्हा विरघळत नाही. सेल्फच्या जमान्यातल्या बॅटऱ्या याच सुखवस्तू दिनक्रमासाठी घडवल्या गेल्या. त्यांच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असत, म्हणजे क्षणभर मोठा प्रवाह देता येई. खोलवर रिकामे होणे त्या फार वेळा सोसत नसत.

दुरुस्तीचे ज्ञानही याच दिनक्रमावर उभे होते. जुन्या बॅटरीचा डबा कडक रबराचा असे, वरचे झाकण डांबराने बंद केलेले असे आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरून उघड्या दिसत. त्यामुळे एकेक सेल स्वतंत्रपणे तपासता येई. दोन टोकांचा सेल टेस्टर लावायचा आणि काटा कोसळतो का ते पाहायचे. हायड्रोमीटरने आम्लाचे सापेक्ष घनत्व मोजायचे: १.२६० ते १.२८० म्हणजे भरलेली, १.१५०च्या आसपास म्हणजे उतरलेली, आणि पाच सेल ठीक असताना एकच खाली असेल तर त्या सेलचे काम संपले. डांबर वितळवून, मेलेल्या सेलच्या प्लेटा काढून नव्या घालणारे कारागीर भारतातल्या गावोगावच्या बॅटरीच्या दुकानांत होते. महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालणे, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन वर ग्रीस लावणे आणि शंका असेल तर रात्री गाडी उतारावर लावणे ही चालकाची कामे होती. सेल्फ लागला नाही तर धक्का मारायचा. डायनॅमोचा कटआउट चिकटला की इलेक्ट्रिशियन तो कानस मारून साफ करी. दोष डोळ्यांना दिसे, नाकाला कळे किंवा हायड्रोमीटरच्या नळीत तरंगे.

बॅटरीचा उद्योग महाराष्ट्रातही याच काळात रुजला. आज एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा पहिला भारतीय कारखाना बंगालमध्ये श्यामनगर येथे १९४६ साली सुरू झाला आणि दुसरा १९६९ साली चिंचवडला. पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगाला शेजारीच बॅटरी मिळू लागली. पुढे आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ अमर राजा आणि पुणे जिल्ह्यात रांजणगावला टाटा समूहाचा कारखाना ही नावे त्यात आली.

मधल्या काळात बॅटरीत झालेले बदल सावकाश होते, पण पुढच्या गोष्टीची तयारी त्यांनीच केली. दाब जास्त असलेल्या मोठ्या इंजिनांना ६ व्होल्टचा सेल्फ अपुरा पडू लागला, तेव्हा १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी गाड्या १२ व्होल्टवर गेल्या आणि बाकीचे जग हळूहळू त्यांच्यामागे गेले. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. इंजिन मंद चालत असतानाही तो बॅटरी भरू शकतो, आणि गर्दीच्या शहरांत डायनॅमो नेमका तेथेच कमी पडत होता. अँटिमनीचा ताठपणा उपयोगी असला तरी तो पाणी खातो: धन प्लेटेतून सुटलेले अँटिमनी ऋण प्लेटेवर बसते आणि तेथे हायड्रोजन लवकर सुटू लागतो. त्याऐवजी कॅल्शियम वापरता येते, हे बेल प्रयोगशाळेतील संशोधनाने १९३५ सालीच दाखवले होते. मोटारींत मात्र ते १९७०च्या दशकात आले आणि ‘पाणी न घालण्याची’ बॅटरी बाजारात दिसू लागली. डबाही पॉलिप्रॉपिलीनचा झाला. सेलच्या जोडण्या भिंतीच्या आतून गेल्या, झाकण वितळवून कायमचे बंद झाले. सेल टेस्टर टेकवायला जागाच उरली नाही. आतल्या प्लेटा बदलून देणाऱ्या कारागिराचा धंदा बसला तो या डब्याने.

याच दशकात एक वेगळी वाटही फुटली. अमेरिकेतील गेट्स रबर कंपनीच्या संशोधकांनी प्लेटांमध्ये काचतंतूची चटई घातली आणि सगळे आम्ल तिच्यात शोषून ठेवले. चटई पूर्ण चिंब न करता थोडी पोकळी ठेवली, तर धन प्लेटेवर सुटलेला ऑक्सिजन तिच्यातून ऋण प्लेटेपर्यंत जातो आणि त्याचे पुन्हा पाणी होते. बॅटरी बंद ठेवता येते, आडवी झाली तरी आम्ल सांडत नाही. त्यांनी पट्ट्या गुंडाळून दंडगोल केला होता, म्हणजे नकळत प्लाँतेच्या घटाचाच आकार. मोटारवाल्यांनी या बॅटरीकडे पंचवीसेक वर्षे फारसे लक्ष दिले नाही, कारण ती महाग होती आणि तिच्याशिवाय काही अडत नव्हते.

इंजिन सिग्नलला बंद करावे, ही कल्पना तेलटंचाईने पुढे आणली. उभ्या गाडीचे पेट्रोल इंजिन ताशी साधारण अर्धा ते एक लिटर इंधन नुसते जाळते. १९७३च्या तेलसंकटानंतर टोयोटाने क्राउन गाडीवर एक यंत्रणा बसवून पाहिली. गाडी थांबून दीड सेकंद झाले की इंजिन आपोआप बंद होई आणि टोकियोच्या रहदारीत त्यामुळे दहा टक्क्यांच्या आसपास बचत दिसली. १९८३ साली फियाटने रेगाटा गाडीच्या एका आवृत्तीत ‘सिटीमॅटिक’ नावाने तीच सोय दिली, आणि फोक्सवॅगनने १९९०च्या दशकात डिझेल गोल्फमध्ये ‘इकोमॅटिक’ आणली. या गाडीचे इंजिन चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच, गाडी चालत असतानाही बंद पडे. ग्राहकांना ते पसंत पडले नाही, आणि त्याचे आश्चर्य वाटायला नको. चालत्या गाडीचे इंजिन थांबणे म्हणजे बिघाड, हे कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते. शिवाय तेल पुन्हा स्वस्त झाले होते.

यंत्रणा टिकली ती नियमांमुळे. युरोपीय संघाने २००९च्या ४४३ क्रमांकाच्या नियमाने नव्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी २०१५पर्यंत किलोमीटरमागे १३० ग्रॅमवर आणण्याचे बंधन घातले, आणि त्यापुढे ९५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवले. ही सरासरी ज्या चाचणीवर मोजली जाई, ती १,१८० सेकंदांची होती आणि त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी उभीच असे. उभ्या वेळेत इंजिन बंद ठेवणारी यंत्रणा अशा चाचणीत चांगले गुण मिळवणारच. रस्त्यावरची बचत चाचणीतल्या बचतीहून कमी-जास्त असते. मोकळ्या हमरस्त्यावर ती जवळपास शून्य, कोंडीत लक्षणीय. तरी कारखान्यांच्या दृष्टीने एवढ्या थोड्या खर्चात इतके ग्रॅम कमी करणारा दुसरा उपाय जवळ नव्हता. सिट्रोएनने २००४ साली सी३ गाडीत वालेओचा पट्ट्यावरचा स्टार्टर-अल्टरनेटर वापरला होता. २००७ साली बीएमडब्ल्यूने १ मालिकेच्या गाड्यांत बॉशचा मजबूत केलेला साधा सेल्फच बसवला, आणि पुढे बहुतेकांनी हीच स्वस्त वाट धरली. माझदाने २००९ साली तिसरीच युक्ती काढली: पिस्टन नेमक्या जागी थांबवायचे आणि पुन्हा सुरू करताना थेट सिलिंडरात इंधन पेटवून सेल्फच्या कामाला हातभार लावायचा. इंजिन सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात चालू होई.

भारतात महिंद्राने २००८च्या सुमारास बोलेरो आणि स्कॉर्पिओ या नाशिकला बनणाऱ्या गाड्यांत ‘मायक्रो हायब्रिड’ नावाने स्टार्ट-स्टॉप आणले. हिरो कंपनीची त्याच तत्त्वावरची मोटरसायकल २०१४ मध्ये आली आणि मारुतीच्या सियाझ डिझेलमध्ये २०१५ मध्ये स्टार्टर-जनरेटर बसला. भारताची अधिकृत चाचणीही युरोपीय चाचणीवरूनच बेतलेली होती. फक्त कमाल वेग ताशी ९० किलोमीटरवर आणला होता. पुण्याच्या एआरएआय संस्थेत ज्या चाचणीवर मायलेजचे आकडे निघत, तिच्यातही उभे राहण्याचा वेळ भरपूर होता. २०१७पासून कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरीवर इंधन-कार्यक्षमतेचे नियम लागू झाले, २०२२पासून ते कडक झाले, आणि मध्यम किमतीच्या गाड्यांतही गोल बाणातले ‘ए’ हे चिन्ह दिसू लागले.

बॅटरीवर यामुळे काय ओढवले ते पाहण्यासारखे आहे. आधी दिवसातून चार-सहा वेळा फिरणारा सेल्फ आता शहरात एका फेरीत वीस-तीस वेळा फिरू लागला. त्याहून मोठी गोष्ट अशी, की इंजिन बंद असताना अल्टरनेटरही बंद असतो. दिवे, पंखा, पडदा, सुकाणूची मदत यांचा चाळीस-पन्नास अँपिअरचा भार तेवढा वेळ एकट्या बॅटरीवर येतो. मिनिटभराच्या सिग्नलला सेल्फपेक्षा कितीतरी जास्त वीज या भारात जाते. त्यातच गाड्यांनी ब्रेक लावतानाची ऊर्जा बॅटरीत घेण्याची पद्धत धरली. वेग घेताना अल्टरनेटर ढिला सोडायचा आणि वेग कमी होताना जोरात चालवायचा. येणारी वीज घ्यायला जागा हवी, म्हणून बॅटरी मुद्दामच ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवली जाते. म्हणजे शिशाच्या बॅटरीला जे मुळीच मानवत नाही, तेच आता तिचे नेहमीचे जगणे झाले. साधी बॅटरी अशा गाडीत वर्षा-दीड वर्षात बसते. सल्फेट घट्ट होते, आणि पूर्ण भरताना उठणाऱ्या बुडबुड्यांनी आम्ल ढवळले जाते तेही होत नाही. दाट आम्ल तळाला साठते आणि प्लेटांचा खालचा भाग खाऊ लागते.

त्यावर दोन उत्तरे निघाली. पहिले म्हणजे गेट्सची काचचटईची बॅटरी, जिला बाजारात एजीएम म्हणतात. आम्ल चटईत अडकलेले असल्याने थर पडत नाहीत आणि दाबून बसवलेल्या प्लेटांचा लेप गळत नाही. दुसरे म्हणजे ईएफबी, अर्थात सुधारलेली द्रव-आम्ल बॅटरी. धन प्लेटेवर पॉलिएस्टरचे विरळ कापड आणि ऋण प्लेटेच्या लेपात कार्बनची भर घालून साध्या बॅटरीलाच टिकाऊ केलेले असते. एजीएम जास्त सोसते, पण महाग पडते आणि इंजिनाशेजारची उष्णता तिला बाधते. युरोपीय गाड्यांत ती बऱ्याचदा डिकीत किंवा आसनाखाली असते, त्याचे हेही एक कारण. भारतात, जेथे बॅटरी सहसा बॉनेटखाली असते आणि उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेथे ईएफबीचा वापर सर्रास आहे. जपानी पद्धतीत या बॅटऱ्यांना वेगळी चिन्हे दिली गेली: एम-४२, एन-५५, क्यू-८५, एस-९५. पहिले अक्षर आकार सांगते, आणि तो जुन्या बी२०, बी२४, डी२३, डी२६ या आकारांशी जुळतो. अडचण इथेच सुरू होते. साधी बॅटरीही त्याच खाचेत चपखल बसते, आणि किमतीतला फरक पाहून ती बसवण्याचा मोह होतो.

१२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला पर्याय शोधायचे प्रयत्नही झाले. १९९०च्या दशकात साऱ्या मोटारी ४२ व्होल्टवर नेण्याची योजना जोरात होती. टोयोटाने २००१ साली तशी क्राउन विकलीही, पण खर्चापुढे योजना विरली. प्यूजो-सिट्रोएनने २०१०पासून सेल्फच्या झटक्यासाठी मोठे कपॅसिटर दिले. जर्मन कारखान्यांनी पुढे ४८ व्होल्टची जोड-यंत्रणा स्वीकारली. या सगळ्यांतही १२ व्होल्टची शिशाची बॅटरी आपल्या जागी राहिली.

दोष शोधण्याची रीत मात्र मुळापासून बदलली. २०००नंतरच्या गाड्यांत ऋण टर्मिनलच्या पकडीतच एक छोटा संवेदक येऊ लागला. तो आत-बाहेर जाणारा प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान सतत मोजतो आणि बॅटरीत किती वीज आहे, तिचे वय किती झाले, याचा हिशेब ठेवतो. हिशेब खाली आला की गाडी सर्वांत आधी स्टार्ट-स्टॉप सोडून देते. त्यामुळे जुन्या गाडीत बॅटरीचा शेवट एखाद्या सकाळी ‘कट’ आवाजाने कळत असे, तो इथे काही आठवडे, कधी काही महिने आधी कळतो: सिग्नलला इंजिन बंद होईनासे होते. बरेच चालक याला सुदैव समजतात, कारण त्यांना ती यंत्रणा मुळातच आवडत नसते. इंजिन बंद न होण्याची इतरही डझनभर कारणे असतात. इंजिन गार आहे, वातानुकूलनावर भार जास्त आहे, बॉनेटचा खटका नीट लागलेला नाही, सीटबेल्ट सोडलेला आहे. मे महिन्यात दुपारी नागपुरात ही यंत्रणा काम करत नसेल, तर बॅटरीवर संशय घेण्याआधी एसीचा विचार करणे शहाणपणाचे.

तपासणीत पहिले पाऊल विश्रांतीनंतरचे व्होल्टेज. गाडी काही तास बंद ठेवून मोजले, तर भरलेली द्रव-आम्ल बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, एजीएम त्याहून थोडे जास्त. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. स्टार्ट-स्टॉप गाडीत १२.४ दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण गाडीनेच तिला तेवढी ठेवलेली असू शकते. आधी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरायची आणि मगच निकाल द्यायचा. एजीएमसाठी चार्जरचे व्होल्टेज १४.७-१४.८च्या पुढे जाता कामा नये. भरल्यानंतरची चाचणी बहुधा हातातल्या छोट्या यंत्राने होते. ते बॅटरीत बारीक बदलता प्रवाह सोडून तिची वाहकता मोजते. ही पद्धत मिनेसोटा विद्यापीठातील कीथ चॅम्पलिन यांनी १९७०च्या दशकात बसवली. यंत्रात बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडला तर निकालही चुकतो. एजीएमला साधी समजून तपासले, की मरायला टेकलेली बॅटरीही ‘ठीक’ ठरू शकते.

अल्टरनेटरची जुनी परीक्षाही आता फसवी झाली आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ व्होल्ट आले की अल्टरनेटर चांगला, हा इलेक्ट्रिशियनांचा साधा नियम होता. हुशार अल्टरनेटर असलेल्या गाडीत तोच आकडा एका क्षणी १२.५ आणि ब्रेक लावताच १५च्या जवळ जाऊ शकतो, आणि दोन्ही वेळा सारे सुरळीत असते. १२.५ पाहून अल्टरनेटर बदलल्याची उदाहरणे गॅरेजांत सांगितली जातात. गाडी बंद असताना वीज कोठे गळते, हे पाहतानाही धीर लागतो. दारे बंद केल्यावर सगळे नियंत्रक झोपी जायला वीस-तीस मिनिटे किंवा अधिक वेळ जातो. त्यानंतर प्रवाह पन्नास मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. मागाहून बसवलेला कॅमेरा, अलार्म किंवा ट्रॅकर हा आकडा फुगवतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तर दोष कोठेच नसतो; तिला भरायला वेळच मिळत नाही.

उतरलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीच्या केबलने चालू करताना काळी चिमटी थेट ऋण टर्मिनलवर न लावता इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या ठरवून दिलेल्या जागी लावावी. टर्मिनलवर लावली तर तो प्रवाह संवेदकाला वळसा घालून जातो आणि त्याचा हिशेब चुकतो. ठिणगी हायड्रोजनपासून लांब राहते, हा जुना फायदा आहेच. धक्का मारणे मात्र जवळपास बाद झाले. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्क्याने चालू होत नाही, नियंत्रकांना जागे राहण्यापुरते व्होल्टेज नसेल तर इंधन उडत नाही, आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेले तर तो भाजून निघतो.

बॅटरी बदलण्याचा मूळ क्रम जुनाच आहे: काढताना आधी ऋण टर्मिनल, लावताना ते शेवटी. नवे जे आले ते त्याच्या आजूबाजूला. एजीएमच्या जागी एजीएमच हवी. ईएफबीच्या जागी ईएफबी किंवा एजीएम चालते. अँपिअर-तास, थंडीत देता येणारा प्रवाह आणि टर्मिनल कोणत्या बाजूला आहे हे तिन्ही जुळले पाहिजे. संवेदकाची पकड स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, कारण तो तुटला तर बॅटरीइतकाच खर्च येऊ शकतो. बॅटरी आसनाखाली किंवा डिकीत असेल तर वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडलीच पाहिजे. काम करताना गाडीला बाहेरून १२ व्होल्ट देत राहिले तर खिडक्यांच्या आणि सुकाणूच्या कोनाच्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

एवढे झाल्यावर गाडीला बॅटरी बदलल्याचे कळवावे लागते. बीएमडब्ल्यू, आउडी यांसारख्या अनेक युरोपीय गाड्यांत निदान-यंत्र जोडून नव्या बॅटरीची नोंद करतात, आणि प्रकार किंवा क्षमता वेगळी असेल तर तेही नोंदवतात. काही जपानी गाड्यांत साठवलेली प्रवाहाची बेरीज शून्यावर आणतात. न कळवल्यास गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजत राहते, तिला थकलेल्या बॅटरीसारखे भरते आणि स्टार्ट-स्टॉप बंदच ठेवते. नवी बॅटरी घालूनही यंत्रणा चालेना, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघते. काही गाड्या मात्र स्वतःच शिकतात. एक रात्र कुलूप लावून ठेवली, की संवेदक विश्रांतीचे व्होल्टेज पाहून आपला हिशेब नव्याने मांडतो. कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानाला या कामासाठी निदान-यंत्र घ्यावे लागले, आणि ज्यांना ते जमले नाही त्यांच्याकडचे गिऱ्हाईक अधिकृत सेवाकेंद्रांकडे वळले.

लिथियमने इथे शिरकाव केला आहे, पण बेताने. पोर्शने २०१०पासून ९११ जीटी३च्या ग्राहकांना सहा किलोहून हलकी लिथियम स्टार्टर बॅटरी जादा किमतीत देऊ केली. कडक थंडीत ती कमी पडे, म्हणून बरोबर शिशाची नेहमीची बॅटरीही देत. मारुतीने २०१८मध्ये सियाझ पेट्रोलमध्ये शिशाच्या बॅटरीच्या जोडीला छोटी लिथियम बॅटरी दिली. सेल्फचा पहिला गार झटका शिशाने द्यायचा आणि दिवसभराची घेवाण-देवाण लिथियमने सांभाळायची, अशी ही वाटणी आहे. पूर्ण विजेवरच्या पुष्कळ गाड्यांतही नियंत्रक आणि दिव्यांसाठी १२ व्होल्टची शिशाची बॅटरी अजून असते.

उतरलेल्या बॅटरीचे पुढे काय होते, हाही या धंद्याचा भाग आहे. तिच्या वजनाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा शिसे असतो आणि ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हणून जुनी बॅटरी दिल्यावर नवीच्या किमतीत सूट मिळते. भारतात २००१च्या नियमांनी विक्रेत्यांवर जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन घातले. त्यांच्या जागी २०२२चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. ते लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात.